खांडीचा फोटो

गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं त्या वेळची ही गोष्ट. आरोंद्याच्या अलीकडे, तेरेखोलच्या खाडीला लागून आमचं गाव. समोरचा काठ डोळ्यांसमोर, पण तो परमुलुख. तिथे माझी आत्या दिलेली होती. माझे बाबा तरीवाले. माणसं, बैल, फणस, लग्नाची वऱ्हाडं असं सगळं ते या काठावरून त्या काठावर न्यायचे. मग नाकेबंदी आली, बाबांची तर, म्हणजे ही होडीची ने-आण, बंद पडली आणि धक्क्यावर कस्टमचं नाकं बसलं. त्यानंतर बाबा वेंगुर्ल्याला कुणाच्या तरी गलबताच्या डागडुजीवर जातात, असं आम्हाला घरात सांगितलेलं होतं. ते चार-चार दिवस नसायचे. मी विचारलं नाही.

नाकेबंदीनंतर गावाला एक सवय लागली. नवा माणूस दिसला की बायका बोलता बोलता थांबायच्या. एसटीतून कोण उतरलं, कुणाच्या पडवीत बसलं, पाणी कुणी दिलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यांना माहीत व्हायचं. अशा दिवसांत विकास खात्याचा एक माणूस सावंतवाडीच्या एसटीने आला. घाटावरचा होता, चष्मेवाला, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्याच्या पिशवीत एक काळा चौकोनी डबा होता. तो डबा म्हणजे कॅमेरा.

शाळेच्या पडवीत त्याने तरुण मुलामुलींना बोलावलं. आले मात्र सगळे म्हातारेच. तो म्हणाला, "गावाचे फोटो नेहमी बाहेरचे लोक काढतात. देऊळ काढतात, माड काढतात आणि निघून जातात. मी कॅमेरा तुमच्या पोरांच्या हातात देणार आहे. त्यांना जे आवडतं ते त्यांनी काढावं, आणि जे बदलायला हवं असं वाटतं तेही काढावं. मग ते फोटो समोर ठेवून आपण बोलू. आधी गावाशी, मग वरच्या साहेबांशी."

पडवीच्या खांबाला टेकून गावचा दुकानदार उभा होता. तो पंचायतीचा पंचही होता. त्याने शांतपणे विचारलं, "आणि तुमका ह्यात काय मेळतला?"

"मला पगार मिळतो," साहेब हसून म्हणाला.

दुसरं कुणी हसलं नाही.

शेवटी आम्ही तिघं तयार झालो. मी सतरा वर्षांची, फायनल पास होऊन घरी बसलेली. दुसरी गाबीतवाड्यातली माझी मैत्रीण, माझ्याहून वर्षाने मोठी, चौथीत शाळा सुटलेली आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पाच गावं फिरणारी. तिसरा दुकानदाराचा पुतण्या. त्याचं नाव काकानेच पुढे केलं. आमच्यावर नजर ठेवायला तो पाठवलाय हे मी आणि मैत्रिणीने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

घरी आई भात वैरता वैरता म्हणाली, "फुकट कोण कित्याक काय दिता? आज तुझ्या हातान आमचे फोटो काढून घेतलो, उद्या खंय नेवन दितलो?"

तोच प्रश्न माझ्याही मनात होता. तरी मी गेले. खरं सांगायचं तर घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं.

साहेब एक गुरुवार सोडून एक यायचा. डबा पोटाशी धरायचा, वरच्या इवल्याशा काचेत खाली मान घालून बघायचं, ऊन पाठीवर घ्यायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. मागच्या बाजूला तांबड्या काचेची खिडकी होती, तिच्यात आकडा दिसायचा. एका रोलात आठ फोटो. प्रत्येकाला एक रोल, पाळीपाळीने. "काय काढायचं ते मी सांगणार नाही," साहेब म्हणायचा. मला त्याचं हे न सांगणंच खटकायचं.

पहिला रोल मैत्रिणीचा. ती कॅमेरा घेऊन निघाली की दारं लागायची. बाळंतिणी पोरांना पदराखाली घ्यायच्या. होड्यांजवळ गेली तर पुरुष जाळी टाकून उठून जायचे. मासळी विकणाऱ्या बायका तिच्या नात्यातल्या, पण त्याही तोंड फिरवायच्या. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "माझे पाय काढ. तोंड नको. पायांका कोण वळाखता?" मग मैत्रिणीने पायच काढले. भेगाळलेल्या टाचा, खवलं चिकटलेली बोटं, पाटीच्या सावलीत उभी असलेली पावलं. पुढे ते फोटो आले तेव्हा साहेबाने एकेक उचलून उजेडात धरून बघितला.

दुसरा रोल माझा. मला काय काढायचं ते ठाऊक होतं.

आमच्या गावची निम्मी भातशेती खाडीच्या पातळीच्या खाली. मधे मातीचा लांब बांध, तो खारं पाणी बाहेर ठेवतो. तीन पावसाळ्यांपूर्वी त्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध एका जागी फुटून वाहून गेला. तेव्हापासून प्रत्येक भरतीला खाडी शेतात शिरायची. आमचे दोन कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, त्यात गेले. भात पिवळं पडून बसायचं आणि सुगीच्या दिवसांत जमिनीवर मिठाची पांढरी साय धरायची. मागच्या उन्हाळ्यात पंचायतीने खांड बुजवल्याचं कागदावर लिहून वर पाठवलं होतं. मी पंचायतीत पत्रं वाचून दाखवायला जायचे, म्हणून तो कागद मी स्वतः पाहिला होता. बांधाकडे तर कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. नापीक शेतात जाऊन करायचं काय?

डिसेंबरातल्या एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, मी आणि मैत्रीण बांधावर गेलो. भरती अर्धी झाली होती. खांडीतून पाणी आत ओढलं जात होतं, त्याचा आवाज येत होता. खांड किती मोठी आहे ते कळावं म्हणून मैत्रीण तिच्या तोंडाशी उभी राहिली. मी मान खाली घालून काचेत बघितलं. काचेत सगळं बोटभर दिसतं. मैत्रीण, पाणी, पलीकडची कांदळाची झाडी. मी खटका दाबला. तो माझा आठवा फोटो. आम्ही वर न बघताच परत फिरलो, कारण तिला आरोंद्याच्या बाजाराला जायचं होतं.

पुढच्या गुरुवारी साहेब रोल घेऊन गेला आणि त्यानंतरच्या खेपेला सावंतवाडीच्या फोटोवाल्याकडून धुऊन घेऊन आला. पत्त्याएवढे फोटो, एका पाकिटात. सोबत त्याने भिंग आणलं होतं. शाळेच्या टेबलावर आम्ही फोटो मांडले. मी खांडीचा फोटो उचलला आणि भिंगातून बघितलं. खांड स्पष्ट आली होती. मैत्रिणीचं लुगडंही. आणि तिच्या खांद्यामागे, कांदळाच्या आडोशाला, एक होडी उभी होती.

होडीच्या उजव्या अंगाची एक फळी बाकीच्यांपेक्षा उजळ होती. ती फळी गणपतीच्या आधी आमच्याच अंगणात तासली होती, तिला अजून तेल लागलं नव्हतं. होडीत माडाच्या झापांखाली गोणींचे उंचवटे. आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, एक माणूस, डावा हात कमरेवर ठेवून भरतीची वाट बघत उभा. बाबांना कमरेचं दुखणं होतं. ते तसेच उभे राहायचे.

बाबा त्या दिवशी वेंगुर्ल्याला होते.

मी फोटो पोलक्यात सरकवला. दुकानदाराचा पुतण्या समोर बसला होता. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. साहेबाने फोटो मोजले.

"तुझे सातच?"

"एक जळला," मी म्हणाले.

साहेबाने चष्मा काढून पुसला. "जळला का," एवढंच म्हणाला आणि सात फोटो पाकिटात घातले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे फोटो तर त्यानेच सावंतवाडीहून आणलेत. वाटेत दोन तास तो एसटीत बसला असणार. त्याच्याजवळ भिंग होतं. आणि धुतलेली पट्टी, ज्यावरून हवे तेवढे फोटो काढता येतात, ती अजून त्याच्याच पिशवीत होती.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरले नाही. बाबा घरी आले की मी त्यांच्या पायांना कुठली माती लागलीय ते बघायची. वेंगुर्ल्याची माती तांबडी, खाडीकाठच्या खाजणातली काळी. ते जेवताना गप्प असले तर वाटायचं, यांना कळलंय. बोलले तर वाटायचं, लपवतायत. मैत्रीण विचारायची, "तुका काय झालां गो? तो फोटो खरोच जळलो?" मी हो म्हणायची, आणि तिचा विश्वास बसत नाही हे तिच्या चालण्यावरून कळायचं. पुतण्याने काकाला सांगितलं असेल का? साहेबाने नाक्यावर? चौघांपैकी कुणाशीच मी धड बोलत नव्हते.

आठवड्याने भर दुपारी कस्टमची लाँच खाडीत आली. त्यांनी तीन होड्या तपासल्या. बाबांची रिकामी होती. आमच्या शेजाऱ्याच्या होडीत सुपारीच्या गोणी सापडल्या. त्याला सावंतवाडीला नेलं आणि होडी नाक्यावर बांधून ठेवली. त्याची बायको आमच्या अंगणात येऊन बसली. आईने तिला पाणी दिलं, ते ती प्याली नाही. उठताना फक्त माझ्याकडे बघून गेली.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात गाव बसला. आम्हा तिघांना समोर उभं केलं. होड्यांवरचा एक म्हातारा तांडेल म्हणाला, "इतकी वर्षां काय नाय झालां. पोरांच्या हातात तो डबो इलो आणि दोन म्हयन्यांत लाँच इली. आमी काय खुळे आसंव?"

दुकानदार बोलला तो अगदी समजुतीच्या सुरात. "पोरांचो दोष नाय. तेंका काय ठावक? पण साहेब येयसर कॅमेरो माझ्या दुकानात रवांदे. कपाटात कुलूप लावन ठेवतंय."

पुतण्याने पिशवीतून कॅमेरा काढून काकाच्या हातात दिला. त्या वेळी त्याचाच रोल आत चालू होता. मला वाटलं, झालं, ह्यालाच तर पाठवला होता.

मी सरळ घरी गेले. बाबा मागल्या अंगणात उपड्या होडीला तेल लावत बसले होते. मी पोलक्यातून फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, ह्यां काय?"

त्यांनी तेलाचे हात लुंगीला पुसले आणि फोटो घेतला. त्यांना पहिल्यांदा तो नीट दिसला नाही. मग दिसला. मला वाटलं होतं, ते रागावतील किंवा काहीतरी कारण सांगतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"ह्यो फोटो कोणी कोणी बघलो?"

म्हणजे सगळं खरं होतं.

"मी. आणि साहेबान बघलो असतलो," मी म्हणाले. "गोणी कोणाच्यो?"

"दुकानदाराच्यो. सुपारी. पलीकडसून येता." ते हळू बोलत होते, जसं दुसऱ्याच कुणाचं सांगतायत. "धक्क्यार नाकां आसा. थंयसून नेवक गावना नाय. भरतीक खांडीतसून होडी आत घेतली की शेतातसून सरळ तेच्या वखारीच्या मागल्या दारात जाता."

तेव्हा मला कळलं. कागदावर बुजलेली खांड बुजत का नव्हती, ते कळलं.

"आणि आमचे कुणगे?" मी विचारलं. "शेतात खारां पाणी येता तां तुमका दिसना नाय?"

"दिसता."

"मगे?"

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तर बंद झाली तेच्या फुडे ह्या घरात चूल कशी पेटली, तां तू कधी इचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. तांदूळ येत होता, मी तो निवडत होते, आई शिजवत होती. तो कुठून येतो ते विचारण्याइतकं शहाणपण मला नव्हतं, किंवा ते विचारायचं नाही एवढं शहाणपण होतं.

"आता मी काय करू?"

त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. फाड म्हणाले नाहीत. "तुका काय करूचां तां कर. माका सांगा नको." आणि पुन्हा फळीला तेल लावायला लागले.

तो फोटो मी त्याच दुपारी चुलीत घातला. बाबांसाठी घातला, असं मी पुष्कळ वर्षं मानलं. खरं म्हणजे माझ्या हातून बापाला धरून दिला असं कुणी म्हणू नये, ही भीती जास्त होती. मग गाबीतवाड्यात जाऊन मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती जाळं विणत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "होडीचो फोटो जाळलंस तां बरां केलंस. खांड मात्र थंयच आसा. तिचो दुसरो फोटो काढूक कोणी बंदी केल्यान?"

"कॅमेरो दुकानदाराच्या कपाटात आसा."

"हां," ती म्हणाली, आणि जाळ्याची पुढची गाठ मारली.

दोन दिवसांनी दुकानदाराचा पुतण्या आमच्या पाणंदीत आला. हातात कापडी पिशवी. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि पिशवी कुंपणाच्या आत ठेवली. "काका मालवणाक गेलो, किल्ली घरात ठेवन. माझ्या रोलात एक फोटो उरलो आसा," तो म्हणाला. "परवा सकाळपर्यंत कपाटात परत ठेवूक होयो."

मी पिशवीला हात लावला नाही. "तुका कोणी पाठवल्यान?"

"कोणी नाय."

"मगे कित्याक दितंस?"

त्याचे कान लाल झाले. "वखारीत गोणी मोजूक माका बसवतत," तो म्हणाला. "तुका वाटता माका काय ठावक नाय? त्या दिवशी तू फोटो लपवलंस तां मी बघलंय. कोणाक सांगलंय नाय." आणि तो निघून गेला.

मैत्रीण म्हणाली, हा डाव असेल. आपण बांधावर गेलो की तिथे माणसं उभी असतील. मलाही तसंच वाटत होतं. पण फोटो एकच होता आणि दिवस दोनच.

नुसत्या खांडीचा फोटो काढला तर दुकानदार म्हणेल, ओढ्याचा आहे, भलत्या गावचा आहे. माणसं हवी होती, ओळखू येणारी, तोंडासकट. ज्यांची शेतं बुडाली होती त्या बायकांकडे आम्ही एकेकीकडे गेलो. पहिलीने दारातच ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्या फोटोत तुझ्या बापाशीची होडी येवची नाय मां?"

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"असां काय बघतंस? सगळ्यांक ठावक आसा गो," ती म्हणाली. "माझो घोव पण थंय जाता."

म्हणजे मी घरात एकटीने उराशी धरून ठेवलेली गोष्ट गावातल्या प्रत्येक चुलीपाशी माहीत होती. सगळ्यांच्या घरचं कुणी ना कुणी त्या होड्यांवर होतं आणि सगळ्यांचीच शेतं त्या खांडीने खाल्ली होती. बायका तांदूळ शिजवत होत्या आणि मिठाच्या सायीकडे बघून गप्प बसत होत्या. त्या दिवशी चार घरांत आम्हाला नाही म्हणाल्या. पाचवं घर एका विधवा बाईचं. तिचा नवरा समुद्रात गेलेला, मूल नाही, होडीवर जाणारं कुणी नाही. होती ती फक्त शेताची एक कोपरी, तीही खाऱ्या पाण्यात. तिने विचारलं, "तोंड दिसतला?"

"दिसतला."

"दिसांदे. माझां कोण काय घेतलो? घेवचां तां पाण्यान घेतल्यान." तिने चुलीवरची पेज उतरवली. "येतंय मी. आणि त्या बाकीच्यांक सांगाती घेवन येतंय. तुमी उद्या सकाळी बांधार जावन रवा."

ती कुणाकुणाला काय बोलली ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला, ऊन वर आल्यावर, आम्ही बांधावर थांबलो होतो. कुणी पाळत ठेवून नव्हतं. थोड्या वेळाने शेताच्या मेरेवरून पाच बायका चालत आल्या. सगळ्यात मागे, डोक्यावरून पदर घेतलेली, आमची आई होती.

तिला मी सांगितलंही नव्हतं. ती कासोटा वर खोचून चिखलात उतरली आणि त्या विधवा बाईचा हात धरला. खांडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बायका हात ताणून उभ्या राहिल्या. पाच जणी पुरल्या नाहीत. मैत्रीण उतरली, तरी दोन हात जागा उरलीच. मी बांधावर ऊन पाठीशी घेऊन काचेत बघितलं. सगळ्या जणी कॅमेऱ्याकडे बघत होत्या. हसत कुणीच नव्हती. मी श्वास रोखला आणि खटका दाबला.

कॅमेरा त्याच दिवशी कपाटात परत गेला. पुढच्या गुरुवारी साहेबाने तो दुकानदाराकडून मागून घेतला आणि रोल धुवायला नेला. आत काय आहे ते आम्ही त्याला सांगितलं नाही.

फोटो मांडले ते शाळेतच. साहेबाने सावंतवाडीहून प्रांतसाहेबांना आणलं होतं, म्हणून गाव झाडून आला. काढलेले फोटो मोठे करून फळ्यावर टाचले होते. लोक आधी मैत्रिणीच्या पायांच्या फोटोंपाशी थांबले. आपापल्या बायकांचे पाय ओळखायला लागले, तेव्हा पहिल्यांदा कुठेतरी हसू आलं. मग ते खांडीच्या फोटोपाशी आले आणि मागचे लोक पुढे सरकले.

प्रांतसाहेबांनी विचारलं, "हे कुठलं? कागदावर तर दुरुस्ती झालेली आहे."

दुकानदार म्हणाला, "जुना फोटो असेल साहेब. दुरुस्तीच्या आधीचा." मोठ्या साहेबापुढे तो शुद्ध बोलायचा.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून पुतण्याचा आवाज आला. "जुना नाही साहेब. माझ्या रोलातला आहे. रोल मागच्या महिन्यात माझ्याच हातात दिला होता. ह्या विकास खात्याच्या साहेबांना विचारा." त्याचा एकही शब्द चुकला नाही.

काकाने त्याच्याकडे वळून बघितलं. ती नजर मला अजून दिसते. विधवा बाई पुढे आली आणि फोटोतल्या आपल्या तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "ही मी. आजून चिखल सुकाक नाय. चला, दाखवतंय."

आणि प्रांतसाहेब खरोखरच तिच्यामागून बांधावर गेले. सुपारीचं कुणी बोललं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

पावसाच्या आधी खांड बुजली. सरकारकडून दगड आला, अंगमेहनत गावाने केली. बाबाही आले. चार दिवस त्यांनी इतरांबरोबर दगड वाहिले आणि एकदाही मी उभी होते त्या बाजूला बघितलं नाही. होड्यांचा रस्ता बंद झाला तसं सुपारीचं कामही थांबलं. बाबा मालवणला जाऊन एका गलबतावर खलाशी म्हणून लागले. वर्षातून दोनदा घरी यायचे. पुतण्याला काकाने घरातून काढलं. तो सावंतवाडीला मावशीकडे राहून शिकला. शेजारी सुटून आला, त्याची होडी मात्र परत मिळाली नाही, आणि त्याच्या बायकोने आमच्याकडे येणं कायमचं सोडलं.

साहेबाची बदली झाली. जायच्या आधी तो आमच्या अंगणापर्यंत आला. खिशातून कागदात गुंडाळलेला फिल्मचा छोटा तुकडा काढून माझ्या हातात दिला. माझ्या रोलाच्या पट्टीवरचं आठवं चित्र त्याने कात्रीने कापून वेगळं ठेवलं होतं.

"मी पाहिला होता," तो म्हणाला. "कुणाला दाखवला नाही. तुझा विश्वास बसणार नाही, मला माहीत आहे."

"बसतो," मी म्हणाले.

तो खोटं बोलत होता असं मला आजही म्हणता येत नाही. पण मी खोटं बोलले होते. तुकडा द्यायच्या आधी त्यावरून एखादा फोटो निघाला असेल, हा विचार त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात होता. त्या दुपारी लाँच कुणाच्या सांगण्यावरून आली, ते मला आजवर कळलेलं नाही. दुकानदाराने शेजाऱ्याशी बिनसलं म्हणून नाक्यावर सांगितलं, असंही म्हणणारे भेटले. गावात एकमेकांबद्दलचा जो संशय त्या वर्षी वर आला, तो खांड बुजली तरी गेला नाही. मी आणि मैत्रीण रस्त्याने चाललो की लोक बोलणं थांबवायचे. पण पंचायतीत बांधाचा विषय निघाला की बायका बोलवायच्या आधीच येऊन पडवीत बसायला लागल्या, हेही खरं.

पहिल्या वर्षी भात बेताचंच आलं. मातीतलं मीठ धुऊन जायला दोन पावसाळे लागले. दिवाळीला बाबा आले की ते आईशी बोलायचे, आई माझ्याशी बोलायची. समोरासमोर आमचं बोलणं कामापुरतंच.

मग गोवा मोकळं झालं. नाकं उठलं. बाबा गलबत सोडून परत आले आणि तरीचं काम पुन्हा सुरू करायचं ठरलं. पहिल्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी लोटली. किती वर्षांत कुणी लेकीला भेटलं नव्हतं, कुणी भावाला. आई आत्यासाठी केळफुलाची भाजी बांधून आधीच धक्क्यावर गेली होती. बाबा पडवीत आले, दाराच्या कडीकडे बघत म्हणाले, "एका वेळेक धा माणसां. जास्ती चढली तर होडी उलाटतली. माका वल्हां सोडून येवक जमूचां नाय. धक्क्यार माणसां मोजूक कोणीतरी रवाक होयां."

बोलले दाराशी, पण घरात मी एकटीच होते.

"मी रवतंय," मी म्हणाले, आणि त्यांच्या मागून धक्क्याकडे निघाले.